पाठ घासलेला तुकडा

साप डूख धरतो म्हणतात. सापाला उगाच बदनाम केलंय. दुसऱ्या दिवशी बेडूक दिसला की तो कालचं विसरून बेडकामागे जातो. डूख धरावा तो माणसाने, आणि माणसातही भिंगताईने. सकाळी वेणी घालताना केसांबरोबर ती त्यालाही तेल लावायची. म्हणून इतकी वर्षं लोटली तरी तो कोरडा पडला नाही.

काम तिचं संग्रहालयात. इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या छपराला लागून एक लांबट खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा आणि एक सूक्ष्मदर्शक. महिन्यातून एकदा या खोलीबाहेर हौशी लोकांची रांग लागायची. हौशी म्हणजे धातू शोधायचं यंत्र कानाला लावून नांगरलेल्या रानातून फिरणारे. यंत्र कुंई करून ओरडलं की गुडघ्यावर बसायचं, खुरप्याने ढेकूळ फोडायचं आणि निघेल ते घरी आणायचं. कोणी ते काडेपेटीत घालून आणायचा, कोणी रुमालात, तर एकजण बायकोच्या पावडरच्या डबीत. धड असं काही निघायचंच नाही. पट्ट्याच्या बकलाचं टोक, पेटीच्या बिजागरीचा अर्धा पंखा, घोड्याच्या लगामावरच्या पट्टीचा नखाएवढा तुकडा. पण त्यावर वेल असायची, जनावर असायचं, नाहीतर नुसती टिंबं. ते कशाचं आणि कधीचं, एवढं ताईने सांगायचं.

ती सांगायची, पण तोंडाला कुलूप घालून नाही.

"ताई, हे राजाच्या तलवारीचं असणार," गाद्या शिवणारा म्हणाला.

"राजा कुठे निघाला होता?"

"म्हणजे?"

"बॅगेचा कोपरा आहे हा. तुमच्या आजोबांच्या वेळचा. आता राजा बॅग भरून सासुरवाडीला निघाला असेल तर मला माहीत नाही."

रांग हसली. गादीवालाही हसला, कारण पुढच्या महिन्यात हसायची पाळी दुसऱ्या कोणावर येणार हे त्याला ठाऊक होतं.

खरा जुना तुकडा हातात आला की मात्र ताईची चेष्टा बंद व्हायची. रेघ छिन्नीने खोदलेली आहे की साच्यात ओतलेली, ते ती आधी बघायची. सोन्याचा मुलामा पाऱ्याने चढवलाय की नव्या तऱ्हेने, ते बघायची. मग जनावराचा डोळा, तो गोल की बदामी. आणि शेवटी पाठ. पाठीला ती सगळ्यांत जास्त वेळ द्यायची. ते का, हे रांगेतल्या जुन्या लोकांना माहीत होतं, पण कोणी बोलायचं नाही.

ताईचा बाप पत्रेवाला. पन्हाळी, बादल्या, कंदील, गळकी भांडी, सगळं त्याच्याकडे यायचं. कथील वितळवून डाख द्यावा तर त्यानेच. भांडं फुटायचं पण डाख सुटायचा नाही. रविवारी तो यंत्र घेऊन रानात जायचा, सोबत त्याचा दोस्त घड्याळजी. दोघांनी मिळूनच शोधक मंडळ काढलेलं. एकाच डब्यातलं खायचे, एकाच झाडाखाली पाय पसरायचे.

एका रविवारी तळ्यावरच्या उतारावर पत्रेवाल्याला एक तुकडा मिळाला. तांब्याच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा, आणि दोरीसारखं पिळलेलं एक जनावर. जनावराचा मागचा भाग तेवढा होता, डोकं मोडून गेलेलं. पण शेपटीचा पीळ असा, की बघणाऱ्याची मान आपोआप वळावी. असा तुकडा मंडळात कोणालाच कधी मिळाला नव्हता. घड्याळजी त्याच उतारावर महिनोन्‌महिने फिरला होता आणि त्याला खिळे मिळाले होते.

पुढच्या बैठकीत घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, तुकडा पुढून बघितला, उलटला, आणि भिंग न काढताच म्हणाला, "पाठीवर डाख आहे. कथलाचा. हात ओळखीचा वाटतो."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. पत्रेवाल्याच्या तुकड्यावर डाख, म्हणजे आणखी सांगायला काय हवं? पत्रेवाला म्हणाला, "मी नाही दिला." त्याहून जास्त त्याला बोलता आलं नाही. हाताने बोलणारा माणूस होता तो, आणि त्या दिवशी त्याचा हातच साक्षीदार म्हणून उलटला होता. दुसऱ्या दिवशी घड्याळजी दुकानावर समजूत घालायला आला तेव्हा पत्रेवाल्याने त्याच्या डोळ्यांदेखत तुकडा भंगाराच्या पिंपात टाकला. ते पिंप त्या आठवड्यात भट्टीला गेलं.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं बनावटशेठ. बादली घ्यायला आलेले लोक विचारायचे, "शेठ, ही खरी आहे ना?" चेष्टाच ती. पण रोज एक थेंब पडला तर दगडालाही भोक पडतं. त्याने यंत्र विकलं, रविवारी दुकान उघडं ठेवायला लागला. तो गेला त्या दिवशी तिरडीला खांदा देणाऱ्यांपैकीच एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बनावटशेठ शेवटी खरंच गेले." ताई मागे उभी होती. तिने ते ऐकलं आणि नीट घडी घालून ठेवलं.

पुढे ती दुसऱ्या शहरात जाऊन हेच शिकली. धातू शिकली, मुलामा शिकली, आणि हेही शिकली की हजार वर्षांपूर्वीचे कारागीर पट्टी बसवताना पाठीला कथलाचा डाख सर्रास देत होते. बापाच्या तुकड्याच्या पाठीवरचा डाख त्या तुकड्याइतकाच जुना होता. पण हे कोणाला सांगणार? तुकडा भट्टीत गेलेला, असंच सगळे समजत होते. आणि समजा तुकडा समोर आला असता, तरी बापाचा माल लेकीने खरा ठरवला तर गाव म्हणालं असतं, घरचीच तागडी, घरचंच वजन.

म्हणून ती थांबली. घड्याळजी दर महिन्याला रांगेत यायचा. ती त्याला खुर्ची द्यायची, चहा मागवायची, त्याच्या तुकड्यांच्या खऱ्या तारखा सांगायची. "काका, काका" करायची. घड्याळजी बाहेर सांगायचा, "पोरगी गुणी. बापासारखी मनात ठेवणारी नाही."

अशाच एका सकाळी त्याने घड्याळाच्या सुट्या भागांची चपटी डबी उघडली आणि कापसातून एक तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला.

"बघ पोरी. जन्माचं सार्थक झालं."

तुकड्यावर जनावराचं डोकं होतं. बदामी डोळा, उघडा जबडा, आणि मानेपाशी मोडलेलं. खोदलेल्या रेघांत चिखल ठासून भरलेला, फक्त जबड्यापाशी सोनं चमकत होतं. मानेला तोच दोरीचा पीळ होता. तिने चिमट्याने तुकडा उलटला.

पाठ लख्ख होती.

आता यातली गोम सांगितली पाहिजे. हौशी माणसाला तुकडा मिळाला की त्याला राहवत नाही. तो घासतो. घासू नका म्हणून ताईने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, तरी लोक दात घासायच्या ब्रशने घासायचे, राखेने घासायचे, एकाने तर कपड्यांच्या साबणात रात्रभर भिजत घातला होता. पण घासतात ते पुढून. वेल दिसावी, सोनं दिसावं म्हणून. पाठ कोणीही घासत नाही, कारण पाठीवर बघण्यासारखं काही नसतं. पुढून चिखल आणि मागून आरसा, असा तुकडा ताईने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"पाठ स्वच्छ केलीत, काका."

"माती होती."

"आणि पुढची माती?"

"ती तुझ्यासाठी ठेवली. तूच सांगतेस ना घासू नका म्हणून." घड्याळजी हसला. "कधीचा आहे ते सांग. नव्या काचेच्या कपाटात पहिला हाच लागला पाहिजे, माझ्या नावाने. मंडळाच्या वार्षिक सभेतच जाहीर करू."

"कुठे मिळाला?"

"तिकडे, कालव्याच्या बाजूला," तो म्हणाला, आणि चहात नसलेली साखर ढवळायला लागला.

तो गेल्यावर ताईने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाठीवर बारीक, एकसारख्या, शेजारी शेजारी ओढलेल्या रेघा होत्या. घड्याळाच्या पट्टीवरचा गंज काढायला जी चिमुकली खरवडणी असते, तिच्या. सगळं खरवडलं होतं, पण पट्टी ठोकून बसवायच्या रिव्हेटच्या बुडाशी, जिथे खरवडणी पोचत नाही, तिथे करड्या धातूचं एक कडं राहून गेलं होतं. कथील.

म्हणजे त्याला माहीत होतं. जनावर त्याने ओळखलं होतं, डाख ओळखला होता. आपण दोस्ताला खोटं पाडलं ते खोटं होतं, हे त्याला हातातल्या तुकड्याने सांगितलं होतं, आणि त्याने खरवडणी घेऊन त्या तुकड्याची जीभ कापली होती. तुकडा मात्र सोडवेना. पंगत सोडून निघालेल्याने बोटं चाटत जावं तशातली गत.

ताईच्या मनात पहिला विचार आला तो असा गोड, की तिने डोळे मिटून घेतले. खोटा म्हणायचं. सभेत उभं राहून, भिंग न काढता, त्याच्याच शब्दांत: पाठीवर ताजं काम आहे, हात ओळखीचा वाटतो. रेघा तर होत्याच. घड्याळजीच्या हत्याराच्या रेघा घड्याळजीच्या तुकड्यावर. आणखी सांगायला काय हवं? बनावटशेठ नंबर दोन. लोक घड्याळ दुरुस्तीला देताना विचारतील, "काका, हे खरं चालतं ना?" संध्याकाळी घरी जाताना तिने ते वाक्य दोनतीन तऱ्हांनी म्हणून बघितलं. प्रत्येक तऱ्हा बरी वाटली.

आई खिडकीपाशी शर्टाचं बटण लावत बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून म्हातारी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची आणि समोरच्या इमारतीत कोणाच्या घरी पाहुणे आले ते पडद्याआडून सांगायची. ताईने तिला सगळं सांगितलं. आई ऐकत होती आणि हात चालू होता. मग दोरा दाताने तोडून तिने बटणांचा डबा उघडला, तळाशी हात घातला आणि शेपटीचा तुकडा वर काढला.

भंगाराच्या पिंपातून तिने तो दुसऱ्याच दिवशी काढला होता. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याने परत फेकला असता. लेकीला ती शिकून आल्यावर सांगितलं. तेव्हापासून तो तुकडा शंभर बटणांत बटण होऊन पडला होता.

ताईने पिशवीतून डबी काढली. संग्रहालयातली वस्तू घरी आणायची नाही हा नियम तिनेच इतरांना शिकवला होता. त्या दिवशी तो मोडला. दोन तुकडे तिने टेबलावर समोरासमोर सरकवले. मोड दाताला दात लागून बसली. जनावराला डोकं आलं. मग तिने दोन्ही मिळून उलटे केले. बापाच्या तुकड्यावरचा करडा डाख मोडीच्या काठापर्यंत येऊन थांबत होता, आणि काठापलीकडे घड्याळजीची लख्ख पाठ. तिच्यात रिव्हेटच्या बुडाशी तोच डाख. मोडीच्या काठावर, डाखावरही, एकच हिरवा जुना गंज चढलेला. पट्टी मोडायच्या आधीचा डाख होता तो. पट्टी मोडली तेव्हा पत्रेवाल्याचे पणजोबाही जन्मले नव्हते.

"खोटा म्हणते मी त्याचा," ताई म्हणाली. "सभेत. सगळ्यांसमोर."

"म्हण की."

"तुला चालेल?"

"मला काय. पण त्याचं डोकं खोटं, तर आपली शेपूट कुठली खरी?" आई म्हणाली. "एकाच जनावराचं अर्धं खरं आणि अर्धं खोटं असतं होय?"

बापाला खरा करायचा तर घड्याळजीलाही खरा करावा लागणार होता. त्याचा तुकडा कपाटात जाणार, त्याच्या नावासकट. इतकी वर्षं तेल लावून वाढवलेला डूख, आणि डसायच्या वेळी त्याच्याच गळ्यात हार घालायचा.

"मग त्याला सोडून द्यायचं?"

"सोडायला कोण सांगतंय?" आईने डब्यातली बटणं हाताने हलवली. "मंडळात तुमच्या तो जोडीचा नियम होता ना. अजून आहे का?"

ताई आईकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या तोंडावर जे आलं, त्याला हसू म्हणणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने घड्याळजीला फोन केला. "काका, अस्सल आहे. हजार वर्षांच्या वरचा. घोड्याच्या लगामाची पट्टी. कपाटात पहिला हाच लागणार. माणसं बोलवा."

घड्याळजीने माणसं बोलवली. मंडळ तर आलंच; गिऱ्हाइकं आली, लेकीच्या सासरचे व्याही-विहीण आले. नवा शर्ट घालून तो पहिल्या रांगेत बसला. शर्टाच्या कॉलरला दुकानातली टाचणी तशीच राहिली होती. मंडळाचा चिटणीस म्हणजे बेकरीवाला, भुवयांवर पीठ घेऊनच आला. ताईची आई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली.

ताईने पडद्यावर मोठं करून जनावराचं डोकं दाखवलं. रेघ छिन्नीची आहे, मुलामा पाऱ्याचा आहे, बदामी डोळ्याची ही तऱ्हा एवढ्याच काळात चालली, सगळं नीट सांगितलं. टाळ्या झाल्या. व्याह्यांनी घड्याळजीच्या पाठीवर थाप मारली.

"आता पाठ," ताई म्हणाली.

पडद्यावर त्या एकसारख्या रेघा आल्या, भिंतीएवढ्या मोठ्या. सभागृहात घड्याळ दुरुस्त करणारे आणखीही दोघं होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"ही पाठ कोणीतरी खरवडली आहे. कशाने ते मी सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पण इथे, बुडाशी, डाख राहिलाय. आणि मोडीच्या काठावर गंज बघा. डाख पट्टीइतकाच जुना." मग तिने खिशातून बटणांच्या डब्यातला तुकडा काढला आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवला. "जोडीचा दुसरा तुकडा आधीच मिळालेला आहे. चिटणीस, नियम काय सांगतो?"

बेकरीवाल्याने भुवया पुसल्या. "जोड सापडली तर ज्याला मागाहून मिळाला त्यानेच ती सगळ्यांसमोर लावायची. आणि पहिल्या माणसाचं नाव आधी घ्यायचं, कुठे मिळाला ते सांगायचं. नियम आपल्या काकांनीच केलेला."

घड्याळजी उठला नाही. त्याने शेपूट ओळखली होती.

"हात कापतो हल्ली," तो म्हणाला.

"कालच माझ्या घड्याळाची स्प्रिंग बदललीत," मागून गादीवाला म्हणाला. "केसाएवढी बारीक ती."

"या ना काका," ताई म्हणाली. तिने खुर्ची सरकवली, दर महिन्याला सरकवायची तशीच. "चहा नंतर मागवू."

व्याही बघत होते. घड्याळजी उठला. टेबलापाशी गेला. त्याने डोकं एका चिमटीत घेतलं, शेपूट दुसऱ्या चिमटीत घेतली, आणि कापडावर सरकवून मोडीला मोड लावली. पडद्यावर जनावर पुरं झालं. कोणी टाळी वाजवली नाही.

"नाव," बेकरीवाला म्हणाला.

"पहिला तुकडा…" घड्याळजीने ओठ ओले केले. "पत्रेवाल्याला मिळाला."

"कुठे?"

"तळ्यावरच्या उतारावर."

"आणि तुम्हाला, काका?" ताईने विचारलं. "कालव्याच्या बाजूला?"

"उतारावरच," तो म्हणाला.

"पाठीवरचा डाख कोणाचा?"

"जुना आहे."

"पत्रेवाल्याचा?"

"नाही. त्याचा नव्हता."

ताईला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आत काहीतरी सैल पडेल. तसं काही झालं नाही. उलट आणखी भूक लागली. ती त्याच्या कॉलरच्या टाचणीकडे बघत उभी राहिली. घड्याळजीने तुकडे सोडले, खिशात रुमाल शोधला आणि जायला वळला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची वाजली. आई भिंतीला हात धरून उभी राहिली होती.

"भावजी," ती म्हणाली, "म्हातारीचे डोळे हो. मला इथून काहीच दिसलं नाही. परत लावा. आणि नाव जरा मोठ्याने घ्या."

सगळ्यांच्या माना आधी तिच्याकडे वळल्या आणि मग टेबलाकडे. बेकरीवाल्याने नियम आठवून बघितला. त्यात एकदाच लावावी असं कुठे म्हटलं नव्हतं.

घड्याळजी परत आला. ताईने पुढे होऊन जोड सोडवली, डोकं एका टोकाला ठेवलं, शेपूट दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि बाजूला झाली.